दोन बंद्या

दर गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला सतरा नंबर हसायचा.

केतकी मगदूमला ते हसणं ऐकू येत नसे, दिसत असे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी, एका माणसाची एक. ओळीच्या सुरुवातीला आकडा, मग 'चालू' किंवा 'बंद', मग तो माणूस कुठल्या यंत्रावर आहे ते, आणि शेवटी त्याचा श्वास. माणूस बोलायला लागला की श्वास सोडणं लांबतं. जिना चढला की घेणं-सोडणं दोन्ही वाढतं. हसला की श्वास तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतो आणि मग एकदम भसकन आत येतो. इतकी वर्षं त्या ओळी बघून केतकीला आता खोकला, ढेकर आणि हुंदका नुसत्या आकड्यांवरून ओळखता यायचे. चित्रंबित्रं दाखवणारा रंगीत पडदा शेजारीच होता, पण तो मंत्री आले की दाखवायला. खरं काम काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करूनच व्हायचं.

सतरा नंबर म्हणजे तिचा नवरा अभिनंदन. खरं तर हे तिला माहीत असायला नको होतं. मिरजेच्या श्वाससेतू केंद्रात नियमच असा होता, की पडद्यासमोर बसणाऱ्याला आकडे दिसावेत, नावं नाहीत, म्हणजे कुणाला झुकतं माप जायला नको. पण नियम करणाऱ्यांना बायका माहीत नसाव्यात. सुट्टीच्या दिवशी ती घरी लॅपटॉप उघडून बसली होती, शेजारी अभिनंदन शिंकला आणि त्याच क्षणी एका ओळीनं उडी मारली. संपलं नियमाचं काम.

घरी तो हसत नसे. म्हणून गुरुवारचं हसणं केतकीनं आधी कौतुकानं बघितलं, मग संशयानं. आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की सतरा हसला की एकतीसही हसतो. एकदा हा आधी, एकदा तो आधी, मग दोघं मिळून. मग एकाचा श्वास लांब, म्हणजे तो बोलतोय. दुसऱ्याचा शांत, म्हणजे तो ऐकतोय. एकतीसचा श्वास आखूड आणि हलका होता. ती बाई होती, हे सांगायला केतकीला कुणाची गरज नव्हती.

आता हे यंत्रांचं प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. आपल्या मेंदूच्या बुडाशी पेशींचा एक एवढासा पुंजका असतो, तो श्वासाचा ठेका धरतो. झोपेत, बेशुद्धीत, रागाच्या भरातसुद्धा. पक्षाघातानं तेवढाच भाग गेला, तर बाकीचा माणूस धडधाकट राहून श्वासावाचून मरतो. पूर्वी अशांना व्हेंटिलेटरला जोडून उताणं निजवून ठेवत. मग छातीतल्या नसेवर बसवायची चिप निघाली. नुसता ठेका द्यायला ती पुरेशी होती. पण श्वास म्हणजे घड्याळ नव्हे. घास गिळताना तो थांबावा लागतो, वाक्य मोठं असेल तर आधी जास्त भरून घ्यावा लागतो, हसू कधी फुटेल याचा तर नेमच नाही. हे सगळं ओळखायला अख्ख्या मेंदूतले संकेत वाचून क्षणाच्या आत निर्णय घ्यावा लागतो, आणि ते काम तांदळाएवढ्या चिपला झेपत नाही. म्हणून चिप ते संकेत मिरजेला पाठवायची, तिथलं मोठं यंत्र श्वास ठरवून परत पाठवायचं. मिरजेशी संबंध तुटलाच, तर चिप आपला गावठी ठेका धरायची. त्या ठेक्यावर माणूस पडून राहू शकतो, बोलू शकत नाही, आणि तोसुद्धा अर्धा-पाऊण तास. मग चिपची शक्ती संपते.

एकच यंत्र असतं आणि ते बंद पडलं असतं, तर सगळेच गेले असते. म्हणून यंत्रं तीन: कृष्णा, वारणा आणि येरळा. तिघी एकमेकींना सतत 'मी आहे' असं सांगत राहायच्या. एक गप्प झाली, की उरलेल्या दोघी बहुमतानं तिला मेलेली ठरवायच्या आणि आधी तिची वीज तोडायच्या. ती कदाचित जिवंतही असेल, नुसती वाचा बसली असेल. पण एकाच माणसाला दोन यंत्रं श्वास द्यायला लागली तर माणूस तडफडून मरेल. तेव्हा शंका आली की आधी तोडायचं, मग तिच्यावरची माणसं आपल्यावर घ्यायची. अशा एकत्र बांधलेल्या यंत्रांना क्लस्टर म्हणतात, आणि केतकी या क्लस्टरची प्रमुख होती.

माणसांना एका यंत्रावरून दुसऱ्यावर हातानंही हलवता यायचं. त्याला एक हुकूम होता. हलवताना त्या माणसाला एक उचकी लागायची, बाकी काही नाही. पण या हुकमाची एक खोड होती. तुम्ही माणूस कृष्णेवरून हलवलात, की क्लस्टर समजायचं, शहाण्या माणसानं हलवलंय म्हणजे कृष्णेत काहीतरी खोट असणार. आणि मग त्या माणसाच्या आकड्यापुढं लिहून ठेवायचं, 'कृष्णेवर मनाई.' ही बंदी हातानं उठवेपर्यंत तशीच राहायची. नेहमीच्या पडद्यावर ती दिसायचीसुद्धा नाही, तपशील मागावा लागायचा. नव्या माणसाला केतकी पहिल्याच दिवशी बजावायची, "हलवलंस की मागचं पुसून ये. बंदी विसरलास तर आज काही होणार नाही. होईल तेव्हा तुला आठवणार नाही."

दुखण्याआधी अभिनंदन सांगलीला हळदीच्या सौद्यात होता. बोली लावताना त्याचा आवाज चार दुकानं पलीकडं जायचा. घरातही तसाच. आमटीत मीठ कमी पडलं तर शेजारच्यांना कळायचं. दोघांची भांडणं व्हायची ती अशी, की सासू पद्मावतीबाई दाराला कडी घालायच्या, आणि मग रात्री दोघं त्याच भांडणाच्या नकला करून हसायची.

चिप बसवल्यावर आवाज परत आला, भांडण काही परत आलं नाही. केतकी चहात साखर विसरली, तरी तो म्हणायचा, "छान झालाय." तिनं त्याचा आवडता सदरा मुद्दाम बोहारणीला देऊन टाकला, तर म्हणाला, "बरं केलंस, जुना झाला होता." पाणी दिलं की थँक्यू, दार उघडलं की थँक्यू. एकदा तिनं वैतागून भांडं आपटलं.

"भांड की रे माझ्याशी! काय झालंय तुला?"

"कशाला भांडू?" तो मऊ आवाजात म्हणाला. "तू आहेस म्हणून मी आहे."

या वाक्याचा तिला मनापासून राग यायचा. त्यात प्रेम नव्हतं, भीती होती, आणि ती भीती त्यानं चांगल्या कपड्यांत नटवून आणलेली होती. ज्याच्या हातात आपला श्वास आहे त्याच्याशी कोण भांडेल? तिनं त्याला जगवलं आणि त्या बदल्यात एक भाडेकरू मिळवला, सभ्य, वेळेवर थँक्यू देणारा.

आणि तिकडं, गुरुवारी, तो हसत होता.

एका गुरुवारी केतकीनं हुकूम टाइप केला. एकतीस नंबर, हलव. एकतीस तेव्हा कृष्णेवर होती. ओळ क्षणभर अडखळली, 'कृष्णा'च्या जागी 'वारणा' आलं, आणि हसता हसता एकतीसला उचकी लागली. सतरा थांबला. केतकीला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण पुढच्याच क्षणी दोन्ही ओळी मघापेक्षा जोरात हसायला लागल्या. अभिनंदन काय म्हणाला असेल ते तिला इथं बसून ऐकू आलं: कुणीतरी आठवण काढतंय वाटतं तुझी! लग्न ठरल्यावर फोनवर तो तिलाही हेच म्हणायचा.

पुढच्या गुरुवारी तिनं पुन्हा हलवलं. वारणेवरून येरळेवर. या वेळी ती घास गिळत असावी, कारण ओळ वेडीवाकडी झाली, ठसका, पुन्हा ठसका, मग बराच वेळ नुसती धाप. सतराचा श्वास त्या वेळात थांबलाच होता. मग तो लांब लांब सोडायला लागला, अगदी सावकाश. तो तिला धीर देत होता. केतकी आजारी असताना तो असाच बोलायचा, चिप बसण्याआधी.

तिला स्वतःची लाज वाटली. खरोखरच वाटली, कान तापले तिचे. तिनं ती खिडकी बंद केली, उठून तोंड धुऊन आली आणि त्या प्रकाराकडं पुन्हा वळून बघायचं नाही असं ठरवून टाकलं. वळून बघितलं नाही म्हणून बंद्याही उठवल्या नाहीत. सगळ्यांना बजावणारी बाई स्वतः मागचं न पुसता उठली. पडद्यावर एकतीस पुढंही रोज 'चालू'च दिसत राहिली, येरळेवर.

मधे उन्हाळा गेला, पावसाळा गेला.

पद्मावतीबाईंचा नेम कडक होता. सूर्य मावळला की पाण्याशिवाय काही तोंडात नाही. जैनाच्या घरात यात नवल काही नाही. पण त्यांनी स्वतःचं एक कलम त्याला जोडलं होतं. सून आणि मुलगा पानावर असल्याशिवाय त्या जेवत नसत. केतकीला उशीर झाला की म्हातारी हूं की चूं न करता उपाशी झोपायची आणि सकाळी विचारायची, "दमलीस का गं काल?" त्यामुळं केतकी कामावरून उजेड असताना घरी यायचीच, मग उरलेलं काम लॅपटॉपवर.

त्या संध्याकाळी ती नुकती आली होती. आत भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. फोन वाजला. रात्रपाळीवर आलेला रमीझ मुजावर होता.

"मॅडम, येरळा गेली. पॉवर सप्लाय जळलाय. कृष्णा-वारणेनं तिला तोडली, सगळं बरोबर झालं. तिच्यावरचे सगळे लोक दोघींवर आले. पण एकतीस नंबर उठंना झालाय."

 कारण शोधायची केतकीला गरजच नव्हती.

"बंद दाखवतंय?"

"बंद. कुठंच घेईना. अँब्युलन्स पाठवलीया मी कुपवाडला. पण पेशंट एकटीच राहते, असं लिहिलंय."

"तू हात लावू नकोस," ती म्हणाली. "मी घरून करते." बंद पडलेल्या नंबराच्या बंद्यांना हात लावायचा अधिकार तिला एकटीलाच होता.

तिनं बाहेर सोप्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि तपशील मागितला. काळ्या पडद्यावर तीन ओळी आल्या. एकतीस: बंद. कृष्णा: मनाई. वारणा: मनाई. दोन्ही यंत्रांवर जागा भरपूर होती, अजून वीसेक माणसं सुखानं मावली असती. दोन बंद्या उठवायचा एक हुकूम तिनं टाइप केला. आता फक्त शेवटची कळ दाबायची, एकतीसला एक उचकी लागणार, आणि मग सगळं ठीक.

"केतकी!"

आतल्या खोलीतून अभिनंदन धावत आला. हातात फोन. आणि आवाज, तो जुना, हळदीच्या सौद्यातला. इतक्या वर्षांत तो आवाज या घरात झाला नव्हता.

"केतकी, वैजूला बोलता येईना! बोलता बोलता थांबली एकदम. चिप नुसती ठोके मारतीय. काहीतरी कर की गं!"

फोनमधून आवाज येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. अगदी सारखा, भात्यासारखा.

"कोण वैजू?" केतकी म्हणाली.

"वैजयंती आवटी. पेशंटांच्या मेळाव्यात ओळख झाली होती. माझ्यासारखंच आहे तिचं. केतकी, नंतर पाहिजे तेवढ्या शिव्या दे मला, घराबाहेर काढ, पण आधी तिला चालू कर. तुझ्या हातात आहे ना?"

त्याचे डोळे भरले होते. केतकीचं बोट त्या कळेवरच होतं. नुसतं टेकवलं असतं तरी झालं असतं. पण या आवाजासाठी तिनं सदरा देऊन टाकला होता, भांडी आपटली होती, साखर विसरली होती, आणि तो आवाज शेवटी निघाला तो वैजूसाठी. पुढं जे ती बोलली ते तिनं आधी ठरवलेलं नव्हतं.

"जागा नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"येरळा जळाली. दोन यंत्रं भरली आहेत. तिला आत घ्यायचं तर एकाला बाहेर काढावं लागेल. लोकांच्या माणसांना मी हात लावू शकत नाही." ती त्याच्याकडं बघत होती. "तुला काढू शकते. सांग, काढू का?"

हे धडधडीत खोटं होतं. केतकीच्या मनात काय होतं, तर ती त्याला जोखत होती. तो 'काढ मला' म्हणाला असता, तर तिनं कळ दाबली असती, दोघंही श्वास घेत राहिले असते, आणि मग नवरा आपल्या हातून गेला हे तिला कळलं असतं, कायमचं. तो 'नको' म्हणाला असता तरीही तिनं कळ दाबलीच असती आणि ते 'नको' जन्मभर जवळ ठेवलं असतं. दोन्हीकडून वैजू जगणार होती. निदान त्या क्षणी तिचा हिशेब तसा होता.

अभिनंदननं ओठ ओले केले. "बाहेर म्हणजे... किती वेळ?"

"येरळा दुरुस्त होईपर्यंत. उद्या दुपार उजाडेल."

"आणि चिप?"

"अर्धा तास. फार तर पाऊण."

तो खुर्चीवर बसला. फोनमधला भाता चालूच होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "दुसरं कुणी... म्हातारं वगैरे... ज्याचं तसंही..."

"आकडा सांग," केतकी म्हणाली. "कुणाला काढू? सांग, लगेच काढते."

त्यानं आकडा सांगितला नाही. सौद्यात शेवटची बोली होताना तो ज्या हातानं लोकांना थोपवायचा, तोच हात त्यानं वर केला.

"थांब," तो म्हणाला.

"थांबू?"

"थांब जरा." आणि त्यानं फोन टेबलावर पालथा घातला.

आता तरी कळ दाबायची होती. केतकीला ते स्पष्ट कळत होतं. पण दाबली असती, तर पालथ्या फोनमधून वैजू बोलायला लागली असती, आणि अभिनंदन इथं तिच्यासमोर तसाच धडधाकट बसलेला राहिला असता. जागा होती, हे त्याला तत्क्षणी कळलं असतं. मग जन्मभर त्याच्याजवळ तिचं खोटं राहिलं असतं, आणि तिच्याजवळचं त्याचं 'थांब' कवडीमोल झालं असतं. तिनं खड्डा त्याच्यासाठी खणला होता आणि त्यात तीही उभी होती.

"केतके, अभ्या! दिवस बुडाय लागला," आतून पद्मावतीबाईंची हाक आली. "पानं वाढलीत. या लवकर."

दोघं उठले. आत जाऊन बसले. ज्वारीची भाकरी होती, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची शेवटची पट्टी भिंतीवर पडली होती आणि पद्मावतीबाई तिच्याकडं बघत भराभर वाढत होत्या.

"खा की रे. नुसता चिवडत बसलाईस."

अभिनंदननं घास घेतला. गिळताना श्वास क्षणभर थांबवावा लागतो, आणि तो थांबवायचं काम तिकडं मिरजेत वारणा इमानानं करत होती. त्यानं दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तिखट झालीय का आमटी?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

"नाही आई. छान झालीय."

रमीझचा फोन आला. केतकीनं बसल्या जागेवरून घेतला. "मॅडम, झालं का? चिप खाली चाललीया. अँब्युलन्स पोचलीय, पण दार आतून लावलंय. फोडायलेत." ती म्हणाली, "अडकलंय कुठंतरी. बघतेय." आणि फोन ठेवला.

"ताक आणते," असं म्हणून ती एकदा उठली. ताक स्वयंपाकघरात होतं. ती सोप्यात गेली. लॅपटॉप तसाच उघडा होता. हुकूम तसाच लिहिलेला, पुढं कर्सरचा चौकोन लुकलुकत होता. टेबलावर पालथा फोन थरथरल्यासारखा झाला आणि गप्प झाला. केतकीनं बोट कळेवर ठेवलं. आतून अभिनंदनचा ठसका ऐकू आला, म्हातारीचं "पाणी पी, पाणी पी" ऐकू आलं. ती तशीच उभी राहिली, मग स्वयंपाकघरातून फिरून ताक घेऊन आत गेली.

भिंतीवरची पट्टी गेली तेव्हा पद्मावतीबाईंनी चूळ भरली आणि हात जोडले. त्यानंतर थोड्या वेळानं रमीझचा पुन्हा फोन आला. दार फुटलं होतं, पण उपयोग झाला नव्हता.

चौकशी झाली, अहवाल केतकीनंच लिहिला. एकतीस नंबरवर दोन जुन्या बंद्या राहून गेल्या होत्या, त्या कुणीतरी चाचणीसाठी घातल्या असाव्यात. कुणी घातल्या ते सांगणाऱ्या नोंदी काही महिन्यांनी आपोआप पुसल्या जात, त्या पुसल्या गेल्या होत्या. संशय गेला तो उपळावीकरांवर. उपळावीकर आदल्या वर्षी केंद्रातली नोकरी सोडून बंगळुरूला गेले होते, आणि सोडून गेलेल्या माणसाच्या माथी काहीही मारता येतं, ही सगळ्या कचेऱ्यांची जुनी सोय आहे. त्या संध्याकाळी बंद्या उठवायला इतका वेळ का लागला, याचं उत्तर 'घरचं इंटरनेट' असं होतं.

"उपळावीकर सर असं करतील वाटत नाही," रमीझ म्हणाला. "मला तेच सांगायचे, मागचं पुसून ये म्हणून. तुमच्याकडनंच शिकलेले ना मॅडम ते?"

"चुकतो माणूस," केतकी म्हणाली.

 रमीझनं मान हलवली आणि तो चहा सांगायला गेला. त्या दिवसापासून तो दर पाळीच्या सुरुवातीला बंद्यांचा तपशील मागून बघायचा, न बोलता.

अभिनंदननं वैजूचं नाव पुन्हा काढलं नाही. एकदाच, कपड्यांच्या घड्या घालताना, त्यानं विचारलं, "त्या दिवशी खरंच जागा नव्हती?"

"नव्हती," केतकी म्हणाली.

त्यानं हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. "तू मला वाचवलंस," तो म्हणाला. "मी थांब म्हटलं, आणि तू काही बोलली नाहीस. दुसरी कुणी असती तर बोलली असती."

त्यानंतर तो पूर्वीपेक्षाही चांगला वागायला लागला. भाजी निवडायचा, तिचे पाय दाबायचा, दारापर्यंत सोडायला यायचा. ती खोलीत आली की उठून उभा राहायचा. त्याच्या डोक्यात त्या बाईचा जीव त्यानंच घेतला होता आणि केतकीनं तो गुन्हा पोटात घातला होता. पद्मावतीबाई शेजारणीला सांगायच्या, असं जोडपं बघायला मिळायचं नाही. केतकीला तिचा नवरा सबंध परत मिळाला होता, आणि त्याच्यात आता काही उरलं नव्हतं. कधी कधी तिला ओरडून खरं सांगून टाकावंसं वाटे, निदान एकदा तरी तो तिच्यावर हात उगारील म्हणून. मग तिला त्या लुकलुकणाऱ्या चौकोनाची आठवण यायची आणि ती गप्प राहायची.

येरळा दुरुस्त होऊन आली. एकतीस नंबर केंद्रानं दुसऱ्या कुणाला तरी दिला. हा नवा एकतीस दुपारी घोरायचा. सतराची ओळ मात्र आता जागेपणीही झोपेतल्यासारखी असायची. घेतला, सोडला. घेतला, सोडला. ना कधी लांब, ना कधी तुटक.

"सतरा नंबर म्हणजे आदर्श पेशंट बघा," केंद्राचे डॉक्टर पाहुण्यांना रंगीत पडद्यावर दाखवायचे. "कसलाही ताण नाही यंत्रावर."

गुरुवार होता. चार वाजत आले होते. केतकी काळ्या पडद्यासमोर बसून सतरावी ओळ बघत होती. चार वाजले, वाजून गेले. ओळ हलली नाही. तिनं आणखी थोडी वाट बघितली. मग टाइप केलं: सतरा नंबर, हलव.

ओळ अडखळली. 'वारणा'च्या जागी 'कृष्णा' आलं, आणि श्वासानं एक उसळी घेतली, एकच. मग घेतला, सोडला. घेतला, सोडला.

तिनं तपशील मागितला. सतरा: वारणा: मनाई. तिनं बंदी उठवली, पुन्हा तपशील मागून ती उठल्याची खात्री केली, आणि मग सगळ्या क्लस्टरची स्थिती विचारली. तिन्ही यंत्रं हजर होती. सगळे नंबर चालू होते.

टेबलावर फोन वाजला. अभिनंदनचा निरोप होता.

'आत्ता उचकी लागली. तू आठवण काढलीस वाटतं. थँक्यू.'

केतकीनं 'हो' असं लिहून पाठवलं आणि अठराव्या ओळीकडं बघायला लागली.